फवारणीच्या रुग्णाला उशीवरून मान उचलता येते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कपाशीची पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की फवारणीवाल्या मजुराला भोवळ येते आणि बांधावरचे सगळे म्हणतात, ऊन लागले. कांदा हुंगवणे, ताक पाजणे, सावलीत खाट टाकणे यात दोन तास निघून जातात. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. तरीही कृषी केंद्रात आपण 'औषध' म्हणून मागतो ते विष शरीरात नेमके कुठे घाव घालते, हे गावात कोणी समजावून सांगत नाही.

घाव बसतो चेतापेशींवर, म्हणजे मेंदूचे निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशींवर. पायाचा अंगठा हलवणारी चेतापेशी घ्या. तिचे मुख्य अंग पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूत असते आणि ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून मोठे नसते. त्याला फुटलेल्या बारीक शाखा निरोप घेतात. निरोप पुढे नेणारा अक्षतंतू मात्र जवळजवळ एक मीटर लांब, थेट पावलापर्यंत जातो. स्वस्थ असताना या तंतूच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण विद्युतदाब असतो. निरोप निघाला की तंतूच्या पडद्यातली सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसते, दाब उलटतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात दारे मिटतात. ही लाट सेकंदाला 50 मीटरच्या आसपास धावते, कारण तंतूवर मायलिनचे चरबीयुक्त वेष्टन असते.

पण तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये फट असते, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचाही विसावा हिस्सा. लाट टोकाला पोचली की तिथे कॅल्शियम शिरते आणि ॲसिटिलकोलीन या निरोप्या रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या फटीत रित्या होतात. ते रसायन पलीकडे स्नायूवर, ते पकडणाऱ्या जागांवर म्हणजे ग्राहींवर बसले की स्नायू आकसतो. लगेच कोलिनेस्टरेज नावाचे विकर (एन्झाइम) ते तोडून टाकते. हे तोडणे फार महत्त्वाचे आहे. ते झाले नाही, तर स्नायू पुढचा निरोप घ्यायला मोकळाच होत नाही.

आता पंपात काय जाते ते पाहा. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही कीटकनाशके कोलिनेस्टरेज विकराला जखडतात. सायपरमेथ्रिन सोडियमची दारे मिटू देत नाही. फवारणीनंतर चेहऱ्याला मुंग्या येतात, आग होते, ती त्यामुळे. इमिडाक्लोप्रिड ॲसिटिलकोलीनच्या जागेवर स्वतःच जाऊन बसते, माणसापेक्षा किडीत कितीतरी जास्त. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन तर एकाच बाटलीत तयार मिळतात. त्यात आणखी एक टोपण दुसऱ्या बाटलीचे टाकले, की डॉक्टरला कशाशी लढायचे तेच कळत नाही. म्हणून रुग्णासोबत वापरलेल्या सगळ्या बाटल्या दवाखान्यात न्याव्यात, रिकाम्या असल्या तरी. लेबलवरचा त्रिकोण हिरवा असला म्हणून विष निरुपद्रवी ठरत नाही.

ऊन की विष, हे ओळखायला मजुराच्या डोळ्यांत पाहावे. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तोंडातून लाळ गळत असेल, छातीत कफ घरघरत असेल, दंडाचे मांस कातडीखाली आपोआप फडफडत असेल, तर ते ऊन नव्हे. 108 ला फोन करावा. भिजलेले कपडे, दुपट्ट्यासकट, लगेच उतरवावेत. गळक्या पंपाने ओली झालेली पाठ हाच विषाचा मोठा रस्ता असतो. साबण आणि भरपूर पाण्याने केस, कानामागे, नखे, जांघा धुवाव्यात. धुणाऱ्याने हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधाव्यात. विष पोटात गेले असले तरी उलटी करवू नये. त्यातले द्रावक फुप्फुसात उतरले की नवेच संकट. दूध, तूप काही पाजू नये. डाव्या कुशीवर निजवावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिन या उताऱ्याची इंजेक्शने सुरू होतात. प्रौढाला 0.6 मिलिग्रॅमच्या 3 ते 5 कुप्या, आणि छाती मोकळी झाली नाही तर दर 5 मिनिटांनी दुप्पट. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचे नसते. छातीतली घरघर थांबली का आणि नाडी 80 च्या वर आली का, ते पाहायचे.

इथेच घात होतो. ॲट्रोपिन ग्रंथी, श्वासनलिका आणि हृदयावरचे ग्राही झाकते. हातापायाच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरचे ग्राही निराळे, तिथे त्याचा काहीच उपयोग नाही. रुग्ण शुद्धीवर येतो, चहा मागतो, नातेवाईक सुट्टीची घाई करतात. आणि विषबाधेनंतर 24 ते 96 तासांत श्वासाचे स्नायू बसतात. पहिली खूण मानेत दिसते: माणसाला उशीवरून डोके उचलता येत नाही. ही तपासणी नर्सताईच काय, खाटेशी बसलेली बायकोही करू शकते. दर दोन तासांनी मान उचलायला सांगावी. नाही उचलली, तर कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच क्षणी हलवावे. चार दिवस पूर्ण होईपर्यंत कोणालाही घरी पाठवू नये, अशी आमची आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

घरी आल्यावरही लगेच पंप पाठीवर घेऊ नये. विकर पक्के जखडले गेले की ते सुटत नाही, शरीराला नवे घडवावे लागते. रक्तातल्या लाल पेशींमधले हे विकर दिवसाला साधारण 1 टक्क्याने भरून येते. पुढच्याच आठवड्यात फवारणीला गेलेला मजूर म्हणून पहिल्यापेक्षा कितीतरी कमी विषाने कोसळतो. शेतमालकांनी त्याला त्या हंगामात निंदणाला लावावे, वेचणीला लावावे. मजुरी तीच द्यावी.

आपले,
ग्रामीण रुग्णसेवेतील दोन डॉक्टर
ता. घाटंजी, जि. यवतमाळ