पत्राला पत्रानेच उत्तर देणाऱ्या वकीलसाहेबांस

आदरणीय वकीलसाहेब,

रामकृष्ण हरी.

तुमचा फोन याच शब्दांनी सुरू व्हायचा, म्हणून पत्राचा आरंभही त्यांनीच करतो. येत्या कार्तिकी एकादशीला तुम्हाला जाऊन वर्ष होईल. आभाराचा विषय निघाला की तुम्ही हात जोडून बोलणे दुसरीकडे वळवत असत. तेव्हा जे बोलू दिले नाहीत, ते आज सर्वांसमक्ष लिहितो आहे.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. नऊ वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना फेफऱ्याचे झटके येऊ लागले आणि वैद्यकीय मंडळाने 20 टक्के अपंगत्व नोंदवून त्यांना घरी पाठवले. अपंगत्व निवृत्तिवेतनाचा अर्ज मात्र, हा आजार सेवेमुळे जडलेला नाही व सेवेमुळे बळावलेलाही नाही, अशा एका ओळीने नामंजूर झाला. ती ओळ आईने कितीतरी वर्षे पत्र्याच्या पेटीत, वडिलांच्या गणवेशाखाली जपून ठेवली होती.

2014 मध्ये आम्ही साताऱ्याला तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही ते पत्र दोनदा वाचलेत आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरची हकीकत सांगितलीत. डिसेंबर 1971 मध्ये तुम्ही जंगी पलटणीत, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होता. आपल्या ब्रिगेडियरांनी शत्रूला शरण येण्याविषयी पत्र पाठवले, तर उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून आली. आणि 11 डिसेंबरला जमालपूर पडले. "तिथे गोळी आली होती, इथे नुसता कागद आलाय. कागदाला आपण कागदानेच उत्तर देऊ," असे म्हणून तुम्ही वडिलांच्या पाठीवर हात ठेवलात. एवढ्या वर्षांत त्यांच्या पाठीवर असा हात कोणी ठेवला नव्हता.

पुढचे काम किती चिकाटीचे होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. लाल फडक्यात बांधलेले वडिलांच्या कागदांचे दप्तर सोडून, गळ्यातली तुळशीची माळ कागदांवर लोंबू नये म्हणून ती डाव्या हाताने धरून, तुम्ही पेन्सिलीने एकेक नोंद तपासत होता. भरतीच्या वेळच्या तपासणीत वडिलांना कोणताही आजार लिहिलेला नव्हता, हे तुम्ही शोधून काढलेत. धरमवीर सिंग या जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली हेच सांगितले होते: भरती होताना नोंदलेला नसलेला आजार पुढे जडला, तर तो सेवेमुळेच झाला असे सामान्यतः धरले जाते, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर नसते. त्या निकालाचा मराठी गोषवारा तुम्ही आईला स्वतःच्या हाताने लिहून दिलात. तिला तो समजलाच पाहिजे, हा तुमचा आग्रह होता.

सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे तारखांना जाताना एसटीत तुम्ही हरिपाठ म्हणत असत. एकादशीला तारीख आली, तरी उपवास मोडला नाही आणि तारीखही चुकवली नाही. जवानाच्या घरून टंकलेखन आणि टपालाचा खर्च सोडून तुम्ही पैसा घेतला नाही, हे आमच्याच बाबतीत नव्हे, हे तुमच्या अंत्ययात्रेला आलेल्या माणसांकडून कळले.

2016 मध्ये निकाल लागला. नियमाप्रमाणे 20 टक्के अपंगत्व 50 टक्के धरून निवृत्तिवेतन मिळाले. थकबाकी अर्जाआधीच्या तीनच वर्षांची मिळाली, याचे तुम्हाला आमच्यापेक्षा अधिक वाईट वाटले. त्याच आषाढात माउलींची पालखी तरडगावजवळ पोहोचली, तेव्हा चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण पाहायला तुम्ही वडिलांना घेऊन गेलात. गर्दीत झटका येईल या भीतीने त्यांनी तोवर जत्राही टाळल्या होत्या. अश्व धावत गेला, तेव्हा तुम्ही त्यांचा दंड घट्ट धरून उभे होता.

ते दप्तर तुमच्या मुलाने आम्हाला परत केले. फडके तेच ठेवले आहे. दर आषाढात वडील तरडगावला जातात, त्याच जागी उभे राहतात, आणि आता त्यांचा दंड मी धरतो.

आपला ऋणी,
एका जवानाचा मुलगा