बाबा, यंदा ऊन नको

ती. आई-बाबांना शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुम्हाला न विचारता मुंबईच्या डॉक्टरांना तुमच्या अन्ननलिकेतल्या गाठीवरच्या लेझर उपचारासाठी होकार कळवलाय. रागवाल, माहीत आहे. पण परवा आई फोनवर म्हणाली, आता मऊ भातही अडकतो, पेजेवर भागवतात. मग मला राहवलं नाही. ऑपरेशन तुम्हाला झेपणार नाही, रेडिएशन देऊन झालं. हात बांधून कशी बसू?

आई, लेझर म्हणजे आतून भाजणार, ही भीती काढून टाक. त्यात चटका नाही. सोमवारी शिरेतून औषध देतील, ते गाठीत जास्त टिकून राहतं. 40 ते 50 तासांनी, म्हणजे बुधवारी, दुर्बिणीच्या नळीतून काचेचा तंतू अन्ननलिकेत सोडतील आणि 630 नॅनोमीटरचा लाल उजेड पाडतील. साडेबारा मिनिटं, बस. उजेड पडला की ते औषध तिथल्याच ऑक्सिजनला चेतवतं आणि गाठीच्या पेशी मरतात. तो उजेड फार खोल जातही नाही, जेमतेम सेंटीमीटरभर.

आणि बाबा, तो तंतू तुमच्या ओळखीचा आहे. सुट्टीत मी तुमच्याबरोबर कामावर यायचे, आठवतं? केबलमधल्या काचेच्या फायबरचा जोड नीट बसला नसला की तिथून तपासणीचा लाल उजेड झिरपायचा, आणि तुम्ही माझ्या डोळ्यांवर तळहात धरायचात. ‘बघायचं नाही गं, छकुले.’ इथे तेच झिरपणं मुद्दाम करतात. टोकाचा दोन-अडीच सेंटीमीटरचा भाग असा बनवतात की उजेड सरळ न जाता चहूबाजूंना सारखा पसरावा. हे ऐकताना मला तुमच्या हाताचा केबलच्या जेलीचा वास आला.

आजार मुळासकट जाईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत. घास उतरावा, दुधात कुस्करलेली भाकरी सुखाने खाता यावी, एवढ्यासाठी हे करायचं. पहिले काही दिवस छातीत दुखेल, गिळताना उलट जास्त त्रास होईल. घाबरू नका, मी तिथेच आहे.

आता नीट ऐका. इंजेक्शननंतर निदान 30 दिवस ऊन अजिबात नाही. सनस्क्रीनचा उपयोग नाही, कारण साध्या दिसणाऱ्या उजेडानेही कातडी भाजते. पण आई, खोलीत काळोखही करू नकोस. घरातल्या बेताच्या उजेडानेच कातडीतलं औषध हळूहळू संपतं. लक्ष्मी रोडवरून जाड पडदे मागवलेत, रविवारी माणूस येऊन लावेल. बाबांची खुर्ची खिडकीतून काढून देवघराजवळ ठेव. वाचायचा दिवा तोंडाजवळ नको. मुंबईहून आपण अंधार पडल्यावरच निघू.

पालख्याही नेमक्या त्याच दिवसांत येताहेत. रात्री दर्शनाला नेलं असतं, पण मांडवात हॅलोजन असतात. यंदा राजगिऱ्याचे लाडू आई आणि मी वाटू. आपल्या नाना पेठेत टाळांचा आवाज खुर्चीपर्यंत येतो, बाबा.

शनिवारी रात्री पोचते. स्टेशनवर यायचं नाही. जुने रिपोर्ट काढून ठेवा. आई, बाबांचे पूर्ण बाह्यांचे सदरे धुऊन ठेव, काळा चष्मा मी आणते.

तुमची,
छकुली