ऑपरेशनचं ठरवण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

दर आठवड्याला सगळ्यांसमोर उभं राहून बोलावं लागेल आणि चेहरा लालबुंद होईल म्हणून तू चक्क बढती नाकारलीस! वाचून फार चुटपुट लागली. आणि आता गोष्ट ही लाली थांबवायला छातीतली मज्जातंतूची नस कापून घेण्यापर्यंत आली आहे म्हणतोस, तर मला ठाऊक आहे तेवढं आधी ऐकून घे. माझाही चेहरा तुझ्यासारखाच दगाबाज, त्यामुळे कोरडे सल्ले देत नाहीये.

'माझी कातडीच खराब' असं लिहिलंयस. तसं काही नाही रे. घाबरल्यावर छाती धडधडते ती ज्या सिंपथेटिक मज्जासंस्थेमुळे, तिचंच हे काम. तिचा इशारा मिळाला की हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, चेहऱ्यावरच्या मात्र रुंदावतात. तिथलं रक्तवाहिन्यांचं जाळं दाट आणि अगदी वरवर. म्हणून तर तोंडी परीक्षेला तुझे तळवे गार पडायचे आणि कानाच्या पाळ्या तापायच्या. सावळ्या माणसांनाही हे होतं, फक्त तितकं दिसत नाही. आपण गोरे, म्हणून पकडले जातो.

डार्विनने 1872 साली यावर अख्खं प्रकरण लिहिलंय. गुदगुल्या करून माणसाला हसवता येतं, पण असं काही करून लाल करता येत नाही, त्यासाठी मनालाच धक्का लागावा लागतो, असं तो म्हणतो. आणि लाली आवरू पाहिली की लक्ष आणखी स्वतःकडे जातं आणि ती वाढते, हेही त्यानेच नोंदवलंय. आपलं सगळं दुखणं इथंच आहे. गालावर जरा ऊब जाणवली की आपण मनातल्या मनात आरसा धरतो. समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही. त्यात कुणी 'अरे, केवढा लाल झालास!' म्हटलं की संपलंच. नसलेली लालीसुद्धा तेवढ्याने येते. मग मीटिंगमध्ये कोपऱ्यातली अंधारी खुर्ची शोधायची, दाढी वाढवायची, ऐनवेळी आजारी पडायचं. लाली काही मिनिटांत ओसरते, पण ती येईल या धास्तीत आठवडा जातो. या धास्तीला डॉक्टर एरिथ्रोफोबिया म्हणतात.

लोक काय समजतात, हा तुझा खरा प्रश्न. नेदरलँड्समध्ये यावर प्रयोग झालेत. हातून उघड चूक झाल्यावर जो लाल होतो, त्याच्याकडे लोक जास्त सहानुभूतीने बघतात, कारण त्याला चुकीचं वाटतंय हे दिसतं. पण खोटं सांगणार नाही, दुसरी बाजूही आहे. काय घडलं हेच नक्की माहीत नसेल तर लाल चेहरा संशय वाढवतो. ऑफिसात पैशांचं पाकीट सापडेना आणि आपण लाल झालो, तर लोक 'खाई त्याला खवखवे' म्हणून मोकळे. आपण खाल्लेलं नसतानाही खवखवतं, हे कुणाला सांगणार! पण तू बढती नाकारलीस ती भाषणाच्या भीतीने, आणि भाषणात लाल झालेल्याला कुणी चोर समजत नाही, लेका.

आता ऑपरेशन. बरगड्यांमधून दुर्बीण घालून मणक्याशेजारची त्याच सिंपथेटिक मज्जातंतूंची साखळी कापतात किंवा तिला क्लिप लावतात. लाली बऱ्याच जणांची कमी होते, हे खरं. पण नंतर पाठ, पोट, मांड्या यांना भरमसाट घाम सुटतो, आणि हे क्वचित नाही, नेहमीचं आहे. काहींना दिवसातून दोनदा शर्ट बदलावा लागतो आणि आधीची लालीच परवडली असं वाटतं. कापलेली नस पूर्ववत होईल याची खात्री नाही, क्लिप काढली तरी नाही. पापणी कायमची ओघळण्याचा थोडा धोका असतो तो वेगळाच. सगळे उपाय थकल्यावरची गोष्ट आहे ही, आणि तू तर अजून एकही केलेला नाहीस.

आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. लाली तासन्‌तास टिकत असेल, जळजळत असेल, पुटकुळ्या येत असतील तर तो रोझेशिया नावाचा त्वचेचा आजार असू शकतो, त्याचे उपचार वेगळे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही चेहरा लाल होतो. छातीची धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी कुणी सुचवली तर दमा आहे हे आधी सांग. तुझा पंप अजून खिशात असतो ना? दमेकऱ्याला ती गोळी चालत नाही.

मला गुण आला तो मानसोपचारातल्या लक्ष वळवण्याच्या सरावाने. आधी सोप्या जागी, म्हणजे फोनवर बोलताना, समोरचा नेमकं काय म्हणाला ते नंतर आठवून लिहायचं. मग समोरासमोर, मग चारचौघांत. गाल तापले तरी कान समोरच्याच्या बोलण्यावर ठेवायचे. लाल मी अजूनही होतो. 'माझा चेहरा असाच होतो, चालू द्या' म्हणतो आणि पुढचा मुद्दा घेतो. पहिल्यांदा म्हणताना जीभ जड झाली होती, पण समोरच्यांनी मान डोलावली आणि वहीत पुढचं लिहायला घेतलं.

सर्जनची वेळ घेतलीच असशील तर कळव, मी बरोबर येतो. घामाचं त्यांना मीच विचारतो, तू नुसता ऐक. आणि साहेबांना एकदा विचारून बघ, ती जागा अजून भरली नसेल.

तुझा,
अनिरुद्ध