नटाची सुरुवात तालमीच्या जागेपासून होते

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सविनय नमस्कार.

महोदय, मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी हौशी नाटक करतो. अभिनयात शिरायचं कसं, असं विचारणारी मुलं सतत भेटतात. त्यांना वाटतं, मुंबईत वर्सोव्याच्या आराम नगरात, जिथे नट निवडणाऱ्यांची ऑफिसं आहेत, तिथे खेटे घालायचे, फोटो काढून घ्यायचे, काम मिळवून देणाऱ्या कुणा कोऑर्डिनेटरला पैसे द्यायचे. पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका, एवढं मी सांगतो. पण मग जायचं कुठे?

आपल्याकडचे नट कुठून आले ते बघा. निळू फुले आणि दादा कोंडके राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आले. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेने कॉलेजच्या पोरांना रंगमंचावर उभं केलं. शासनाची राज्य नाट्य स्पर्धा तर त्याहून जुनी, १९५४ पासूनची. साताऱ्या-कोल्हापुराकडे मालिकांचं चित्रीकरण सुरू झालं, तेव्हा तिथल्या हौशी मंडळींना कामं मिळाली, कारण ती आधीपासून नाटक करत होती. कॅमेऱ्यासमोर जाण्याआधी चार माणसांसमोर चुकायला जागा लागते. ती तालमीत मिळते.

आणि तालमीलाच जागा नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगाला नाट्यगृह मिळतं, पण त्याआधीचे दोन महिने कुठे काढायचे? आम्ही लग्नसराई नसेल तेव्हा मंगल कार्यालयात, नाहीतर कुणाच्या तरी गच्चीवर तालीम करतो. दहा वाजले की शेजारी ओरडतात. मुलींच्या घरचे जागा कुठली, परतायला किती वाजणार, हे विचारतात आणि ते योग्यच आहे. अशा वेळी चांगल्या मुली नाटक सोडतात. आमच्या संघातल्या तिघी अशाच गेल्या. त्यातल्या एकीचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचत असे. याचं मला फार वाईट वाटतं.

सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं होत. शाळेचीच जागा होती ती, आणि मराठी रंगभूमीचं एक अख्खं पर्व तिथे घडलं. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांचे हॉल आजही संध्याकाळी कुलूपबंद असतात. तुम्ही आणि शालेय शिक्षण विभागाने मिळून शासन निर्णय काढावा: स्पर्धेत प्रवेशिका भरलेल्या संघाला संध्याकाळी सहा ते साडेनऊ हॉल द्यावा. वीजबिल आणि शिपायाचा भत्ता संघ भरेल. शाळेचं नुकसान झालं तर संघप्रमुखाची लेखी हमी राहील. मुख्याध्यापकांना वरून लेखी आदेश नसला की ते किल्ली देत नाहीत, आणि त्यांचंही चुकत नाही, जबाबदारी त्यांच्यावर येते.

प्राथमिक फेरी बहुतेक वेळा नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते. आदेश गणपतीच्या आधी निघाला, तर यंदाच्याच संघांना त्याचा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक हौशी रंगकर्मी