जीन आर्थर यांची बोळवण एका ओळीत नको

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत हॉलिवूडच्या स्क्रूबॉल, म्हणजे चटपटीत संवाद आणि विक्षिप्त प्रसंगांतून प्रेमकथा रंगवणाऱ्या, विनोदी चित्रपटांवर आलेला प्रदीर्घ लेख मी आवडीने वाचला. दिग्दर्शक, पटकथाकार आणि नायक यांच्याविषयी त्यात भरभरून लिहिले आहे आणि ते वाचनीयही आहे. परंतु अभिनेत्री जीन आर्थर यांच्या वाट्याला त्यात एकच ओळ आली असून तीही ‘दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांची आवडती नायिका’ एवढ्यावरच संपते. या अभिनेत्रीचे चित्रपट मी गेली कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा पाहत आले आहे. त्यामुळे ती ओळ मनाला लागली आणि हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

त्यांचे मूळ नाव ग्लॅडिस जॉर्जियाना ग्रीन. जन्म १७ ऑक्टोबर १९०० रोजी न्यूयॉर्क राज्यातील प्लॅट्सबर्ग येथे झाला. वडील छायाचित्रकार होते आणि त्या स्वतःही तरुणपणी न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींसाठी मॉडेल म्हणून उभ्या राहत. १९२३ साली जॉन फोर्ड यांच्या ‘कॅमिओ कर्बी’ या मूकपटातून त्या पडद्यावर आल्या, पण त्यानंतरची बरीच वर्षे कमी खर्चाचे वेस्टर्नपट आणि किरकोळ भूमिका यांतच गेली. मूकपटांतले विनोदवीर बस्टर कीटन यांच्या ‘सेव्हन चान्सेस’मध्येही त्या दिसतात, मात्र क्षणभरच. बोलपट आल्यावर पॅरामाउंट या चित्रपटसंस्थेने त्यांना काही काळ सुंदर, निरागस मुलींच्या साच्यात बसवून पाहिले आणि मग करार वाढवला नाही. हातात काम नाही म्हणून कपाळाला हात लावून न बसता त्या न्यूयॉर्कला परतल्या आणि रंगभूमीवर उभ्या राहिल्या. पुढे पडद्यावर जी जीन आर्थर दिसली, ती या रंगभूमीवरच्या दोन-तीन वर्षांत घडली, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यांच्या आवाजाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या लेखात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. तो आवाज किंचित घोगरा होता, मध्येच फाटणारा, आणि वाक्याच्या शेवटी अचानक वर चढून लहान मुलीसारखा होणारा. गोड आवाजाच्या तेव्हाच्या कल्पनेत तो बसत नव्हता. पण विनोदी प्रसंगात हाच आवाज किती कामाला येतो, ते नीट ऐकले की कळते. पात्र ठामपणे काही बोलू लागते, आवाज मध्येच चिरकतो आणि स्वतःच्याच बोलण्यावर तिचा विश्वास उरलेला नाही, हे प्रेक्षकाला शब्दांशिवाय समजते. १९३५ साली फोर्ड यांच्याच ‘द होल टाउन्स टॉकिंग’मध्ये त्यांनी हा आवाज मोकळा सोडला. मूकपटात पहिली संधी देणाऱ्या दिग्दर्शकाच्याच बोलपटात, बारा वर्षांनी, त्यांची खरी ओळख पटावी, याचे मला फार अप्रूप वाटते. तेव्हा त्या चौतिशी ओलांडत होत्या, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने नायिकेची कारकीर्द उतरणीला लागण्याच्या वयात त्यांची सुरू झाली.

काप्रा यांच्या तीन चित्रपटांचे महत्त्व मी नाकारत नाही. ‘मि. डीड्स गोज टू टाउन’ (१९३६), ‘यू कान्ट टेक इट विथ यू’ (१९३८) आणि ‘मि. स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ (१९३९) यांत त्यांनी साकारलेल्या स्त्रिया कमावत्या, हुशार आणि जगाला कंटाळलेल्या किंवा सावरून घेणाऱ्या आहेत. मात्र या चित्रपटांचा गाभा नायकाच्या भोळेपणात आणि त्याच्या आजूबाजूच्या समाजात आहे, नायिका त्याची साक्षीदार आहे. त्यांचा विनोद खऱ्या अर्थाने बहरला तो अन्य दिग्दर्शकांकडे आणि नेमके तेच दोन चित्रपट आपल्या लेखातून सुटले आहेत.

पहिला मिचेल लाइसन यांचा ‘ईझी लिव्हिंग’ (१९३७), ज्याची पटकथा प्रेस्टन स्टर्जेस यांची आहे. एक बडा बँकर बायकोवर संतापून तिचा ५८ हजार डॉलर्सचा सेबलचा, म्हणजे महागड्या फरचा, कोट गच्चीवरून खाली फेकतो आणि तो उघड्या टपाच्या दुमजली बसमधून कामाला निघालेल्या मेरी स्मिथच्या डोक्यावर येऊन पडतो. मागच्या बाकावर फेटा बांधलेला एक गृहस्थ पुस्तक वाचत बसला आहे. ती तावातावाने वळून त्याला जाब विचारते आणि तो शांतपणे ‘किस्मत’ एवढाच शब्द उच्चारतो. त्या क्षणी जीन आर्थर यांचा चेहरा पाहावा: राग पुरता ओसरलेला नाही, उत्तर समजलेले नाही आणि कोटाच्या भाराने टोपीवरचे पीस मोडले आहे, याचे दुःखही आहे. पुढे अंगावरच्या त्या कोटामुळे लोक तिच्याविषयी नाही नाही ते तर्क करतात, तिची नोकरी जाते आणि एका हॉटेलचा मालक तिला राजेशाही खोल्या देऊ करतो. नाणे टाकून काचेच्या कप्प्यातून खाद्यपदार्थ घ्यायच्या उपाहारगृहात सगळे कप्पे एकाच वेळी उघडतात आणि फुकट्या अन्नावर झुंबड उडते, तेव्हा अंगावर लाखमोलाचा कोट घातलेली ही भुकेली मुलगी त्या गदारोळात जेवणावरचे लक्ष ढळू देत नाही. महामंदीच्या काळातील भूक आणि चैन एकाच चौकटीत दाखवणारे इतके नेमके दृश्य मी क्वचितच पाहिले आहे.

दुसरा जॉर्ज स्टीव्हन्स यांचा ‘द मोअर द मेरियर’ (१९४३). युद्धकाळात वॉशिंग्टनमध्ये राहायला जागा मिळेनाशी झाली होती. त्या काळात कॉनी मिलिगन आपल्या घराचा अर्धा भाग भाड्याने देते आणि तिच्या गळ्यात एक वयस्क गृहस्थ पडतात, जे आपल्या वाट्यातला अर्धा भाग परस्पर एका तरुणाला देऊन टाकतात. सकाळी न्हाणीघर कोणी किती वाजून किती मिनिटांनी वापरायचे, याचे वेळापत्रक कॉनी ज्या गंभीरपणे समजावून सांगते, त्या गंभीरपणातच सगळे हसू आहे. आणि घराच्या पायऱ्यांवरचा तो रात्रीचा प्रसंग! त्या तरुणाची भूमिका करणाऱ्या जोएल मॅक्रे यांचा हात तिच्या खांद्यावर, मानेवर रेंगाळतो आहे आणि ती आपल्या वाग्दत्त वराचे गुण नेटाने सांगत सुटली आहे. हळूहळू वाक्ये तुटतात, श्वास अडतो, आवाज घसरतो, तरी ती बोलणे थांबवत नाही. १९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे लागू झाली होती आणि प्रणय उघडपणे दाखवण्याची सोय उरली नव्हती. तो सगळा या बाईंनी अडखळत्या संवादातून दाखवला. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. ते त्यांचे एकमेव नामांकन ठरले आणि पुरस्कार जेनिफर जोन्स यांना गेला.

पडद्यावर इतक्या सहज वाटणाऱ्या या अभिनेत्रीला कॅमेऱ्यासमोर जाण्याची विलक्षण धास्ती वाटे, हे काप्रा यांनीच आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्या मुलाखती टाळत आणि चाहत्यांपासून दूर राहत. त्या ज्या कोलंबिया चित्रपटसंस्थेशी करारबद्ध होत्या, तिचे प्रमुख हॅरी कोन यांच्याशी त्यांचे सतत खटके उडत. १९४४ मध्ये करार संपल्यानंतर त्यांनी केवळ दोनच चित्रपट केले: बिली वाइल्डर यांचा ‘अ फॉरिन अफेअर’ (१९४८) आणि स्टीव्हन्स यांचा ‘शेन’ (१९५३). मधल्या काळात, १९५० मध्ये, वयाच्या पन्नाशीत त्यांनी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, कधीच मोठा न होणाऱ्या पीटर पॅन या मुलाची भूमिका केली आणि त्याचा शत्रू कॅप्टन हुकच्या भूमिकेत बोरिस कार्लोफ होते. पुढे व्हॅसर महाविद्यालयात त्यांनी नाट्यशिक्षणही दिले. १९ जून १९९१ रोजी कॅलिफोर्नियातील कार्मेल येथे त्यांचे निधन झाले.

शेवटी एक दुरुस्ती सुचवते. आपल्या लेखासोबत ‘मि. स्मिथ’मधील जे छायाचित्र छापले आहे, त्यात जीन आर्थर आणि नायक जेम्स स्टुअर्ट असे दोघे असूनही खाली केवळ स्टुअर्ट यांचे नाव आहे. त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत जीन आर्थर यांचे नाव स्टुअर्ट यांच्या आधी येते. पुढील अंकात ही चूक दुरुस्त करावी आणि शक्य झाल्यास वर उल्लेखिलेल्या दोन चित्रपटांवर जाणकाराकडून स्वतंत्र लेख लिहवून घ्यावा, ही विनंती.

कळावे,
आपल्या पुरवणीची नियमित वाचक