फीडरची तारीख कोणाच्या नावावर आहे?

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

मंगळवारी दुपारी मला पत्र मिळालं. आमच्या शेडला वीज देणाऱ्या 11 केव्ही फीडरचं, म्हणजे वीजवाहिनीचं काम 'तांत्रिक कारणास्तव' आणखी 90 दिवस लांबलं आहे. हे चौथं पत्र. मजकूर तोच, तारीख तेवढी नवी. दिवाळीपूर्वी वीज देतो, असा शब्द आपण आम्हा लघुउद्योजकांना भर सभेत दिला होता. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. दिवाळी होऊन किती महिने झाले, ते आपणच मोजा.

नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत 22 वर्षं जॉबवर्क केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरप्रमाणे सुटे भाग बनवून दिले. विमानांच्या सुट्या भागांची कामं मिळतील म्हणून नागपूर विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाच्या सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, शेड घेतली. इथल्या कामगारांच्या हातून बोइंग 787 चे फ्लोअर बीम गेले आहेत, तेव्हा आपणही करू, हा विश्वास होता. घर गहाण ठेवलं. परदेशातून फाइव्ह-अ‍ॅक्सिस, म्हणजे पाच अक्षांवर फिरून धातू कापणारं मशीन आणलं. ते आजही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभं आहे. गेल्या महिन्यात डिझेल जनरेटर लावून कंट्रोल सुरू केला, तर पडद्यावर बॅटरीचा अलार्म. पॅरामीटर, म्हणजे मशीनची सगळी सेटिंग, उडालेली. कव्हर उचललं तर स्लाइडवर बोटाएवढा गंजाचा डाग. माझ्याकडे वीस वर्षं असलेला ऑपरेटर तो डाग कापडाने पुसत राहिला, एक शब्द बोलला नाही. मला तिथे उभं राहवलं नाही.

हे मशीन मी हिंगण्याच्या जुन्या शेडमध्येही नेऊ शकत नाही. सेझमध्ये ते ड्यूटी न भरता आलं आहे. बाहेर काढायचं तर ड्यूटी भरा. इथे ते चालेल एवढी वीज नाही, तिथे न्यायची सोय नाही, आणि बँकेचा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला जातो. वर सेझच्या मंजुरीपत्राचं घड्याळ चालूच आहे. पहिली मुदत एक वर्षाची, त्यात उत्पादन सुरू व्हायला हवं. नाही झालं तर मुदतवाढीचा अर्ज मी करायचा, कारणं मी द्यायची. उशीर ज्यांनी केला त्यांना कोणी कारण विचारत नाही.

मी स्वतः फिरून पाहिलं. रस्त्याचं डांबरीकरण फेब्रुवारीत झालं. केबल टाकायला तोच रस्ता एप्रिलमध्ये फोडला. पॅनेल येऊन पडलं आहे, पण टेस्टिंगची वर्क ऑर्डर निघालेली नाही. कारण ती ज्या टेबलावरून निघते, त्या टेबलाला पॅनेल आल्याचं कोणी कळवलेलंच नाही. प्रत्येक खात्याकडे आपापला बार चार्ट आहे. कोणाचं काम कोणासाठी अडलं आहे, हे दाखवणारा एक कागद कोणाकडेच नाही. मंत्रिमहोदय, माझ्या शेडमध्ये दीडशे रुपयांच्या ब्रॅकेटलासुद्धा रूट कार्ड असतं. आधी कटिंग, मग मिलिंग, मग डिबरिंग, प्रत्येक टप्प्यावर सही. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला ते नसावं?

आणि मग उत्पादन का वाढत नाही, म्हणून परिसंवाद होतात. माझं लहान मशीन तात्पुरत्या जोडणीवर चालतं. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, स्पिंडल मध्येच थांबतो, टूल तुटतं, अर्धा कापलेला अ‍ॅल्युमिनियमचा जॉब भंगारात जातो. गिऱ्हाइकाला रिजेक्शनचा आकडा दिसतो, फीडर दिसत नाही. शिकवून तयार केलेली दोन पोरं चाकणला निघून गेली. त्यांना थांबा म्हणायला माझ्याकडे काय होतं?

नागपूरच्या पाण्यात दोष नाही. मेट्रोचं काम 2015 मध्ये सुरू झालं आणि मार्च 2019 मध्ये खापरीहून सीताबर्डीला गाडी धावली. तेच ऊन, तीच काळी माती, तेच मजूर. फरक एवढाच, की तिथे जबाब एकाच संस्थेने द्यायचा होता. आमच्याकडे सगळेच मालक, म्हणून जबाबदार कोणी नाही.

2002 मध्ये मिहान उभारणारी सरकारी कंपनी स्थापन झाली, 2005 मध्ये सेझचा कायदा आला. शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगावच्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. त्या रानात आज उभं राहिलं की झुडपं दिसतात, तेव्हा मला माझ्या हप्त्यापेक्षा त्यांची जास्त लाज वाटते. टाटा-एअरबसचा विमान कारखाना नागपूरला येणार म्हणून आम्हाला सांगत राहिले; 30 ऑक्टोबर 2022 ला भूमिपूजन झालं वडोदऱ्यात. महाराष्ट्रात सामील होताना विदर्भाला आश्वासनं देणाऱ्या 1953 च्या नागपूर करारापासून विदर्भ शब्दांवरच जगतो आहे. डिसेंबरात इथे विधिमंडळाचं अधिवेशन होतं, मोर्चे निघतात, निवेदनं घेतली जातात, आणि गाड्या मुंबईला परत जातात. कोनशिलेसाठी इथे सगळे येतात. काम सुरू झाल्यावर दर आठवड्याला येऊन काय अडलं, हे विचारणारा एक माणूस मी अजून पाहिला नाही.

मला सबसिडी नको. या फीडरसाठी एक अधिकारी नेमा आणि त्याचं नाव व तारीख गेटवर लावा. सगळ्या खात्यांचं एकच वेळापत्रक करा आणि दर महिन्याला जाहीर करा. सरकारी उशिराचे दिवस आमच्या मुदतीतून आणि भाड्यातून वजा करा.

तीन ओळींचा आदेश आहे. पुढचा हप्ता 5 तारखेला आहे.

आपला,
एक लघुउद्योजक, नागपूर