आवाहन : धावपट्टीसाठी एक ब्रास (शंभर घनफूट) मुरूम द्या, पोरं रस्त्यावरून उठवू

गावातून फाट्याकडे निघालं की तिसऱ्या बाभळीच्या बुंध्यावर गेरूची आडवी रेघ दिसते. ती आपल्या पोराने ओढलेली आहे. सायकलच्या चाकाला चिंधी बांधून, फेरे मोजत मोजत त्याने मारुतीच्या पारापासून तिथपर्यंत 800 मीटर मोजले होते. जाऊन-येऊन 1600. पोलीस भरतीत मुलांना तेवढंच पळावं लागतं, मुलींना त्याच्या निम्मं. मुलींनी रेघेपर्यंत पळायचं आणि गप्पा मारत चालत परत यायचं, अशी त्याने सोय लावून दिली होती.

गेल्या हंगामात, हरभऱ्याची पेरणी चालू असताना, त्याच रस्त्यावर तो गेला. पहाटेची वेळ, धुकं होतं, गाडी मागून आली. 108 पोहोचली तेव्हा उशीर झाला होता. गाडी अजून सापडलेली नाही. वय वीस, बी.ए.चं दुसरं वर्ष.

त्याचं नाव या आवाहनात नाही, ते मुद्दाम. त्याच्या आईने हात जोडून सांगितलं, "त्याचा फोटो नका लावू, मैदानाले नाव नका देऊ. पोट्टे-पोट्टी रस्त्यावरून उठले पाह्यजेत, बस." गावातल्यांना नाव सांगायची गरज नाही. बाहेरच्यांनी आपल्या गावातलं असं एक पोरगं आठवावं. बहुतेक गावांत असतंच.

श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागले होते. त्याच्या फोटोपेक्षा लावणाऱ्यांचे फोटो मोठे होते. पंधरा दिवसांनी तेच फ्लेक्स तुरीच्या कुटारावर झाकायला गेले. त्यात चुकीचं काही नाही, वस्तू कामी आली. पण तेवढ्या पैशांत दोन-चार ट्रॉल्या मुरूम आला असता, हा हिशेब तेव्हा आमच्याही डोक्यात आला नाही.

तो मध्यम पल्ल्याचा धावपटू. कॉलेजकडून 1500 मीटर आणि क्रॉस कंट्री पळायचा. अमरावती विद्यापीठाच्या संघात निवड झाली तेव्हा विद्यापीठाचा कलर कोट, म्हणजे खेळाडूंचा ब्लेझर, मिळाला. तो त्याने एकदाच घातला, बहिणीच्या साक्षगंधाला, आणि घामाने भिजला तरी काढला नाही. घरची तीन एकर कोरडवाहू. सरावाला रस्ता एवढाच. "काकाजी, डांबरावर पयून पयून नडग्या धरतात," असं म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डांबरावरच.

त्याच्या मागे गावातली चौदा पोरं आणि पाच मुली पळायला लागल्या होत्या. मोबाइलवर तो त्यांची वेळ लावायचा. आता पोरं पळतात, मुली घरी आहेत. कोणाच्या बापाला दोष द्यायचा? आम्हीही पाठवली नसती. अडचण अशी की भरती थांबत नाही. 1600 किंवा 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक मिळून मैदानी चाचणीला 50 गुण, आणि तिथे कमी पडलं तर लेखी परीक्षेपर्यंत नंबरच लागत नाही.

ज्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी आणि आपले देशी खेळ दाखवून आले, त्याच जिल्ह्यातलं आपलं हे गाव. इथल्या पोरांना पळायला ट्रकचा रस्ता.

म्हणून ग्रामसभेने ठराव केला. शाळेमागच्या ई-क्लास (सरकारी गायरान) जागेत धावपट्टी करायची. जागा वापरायची परवानगी हातात आली आहे. आधी 400 मीटरचा बेत होता, पण टेप लावला तर पश्चिमेला नाला आडवा येतो. म्हणून 200 मीटर, पाच मीटर रुंद, चार जण शेजारी-शेजारी पळतील एवढी. 1600 साठी आठ फेऱ्या. वळणं जरा आखूड होतील, ते मान्य आहे.

खरी गोम जमिनीत आहे. आपला दर्यापूर तालुका खारपाणपट्ट्यात, जमिनीखालचं पाणीच खारं. खोल काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसतं सपाट करून फक्की मारली तर पहिल्या पावसात पोरांच्या पायाला मणभर चिखल आणि मे महिन्यात मुरगळलेले घोटे. म्हणून वरची सहा इंच माती खरवडून त्यावर दाबून फूटभर मुरूम पाहिजे, म्हणजे पट्टी आजूबाजूपेक्षा उंच राहील आणि पाणी दोन्हीकडे उतरेल. हिशेब सोपा आहे : 200 गुणिले 5 मीटर, फूटभर जाडी, म्हणजे साधारण 108 ब्रास. दाबल्यावर बसतो, ते धरून 130 ब्रास आणावा लागेल. आणि पूर्णा नदीच्या या गाळात मुरूम नाही, लांबून आणावा लागतो. मुरमापेक्षा वाहतूकच महाग पडते.

तेव्हा मागणं ब्रासमध्येच आहे. ज्याला जमेल त्याने एक ब्रास द्यावा. दोघा-तिघांत मिळून एक दिला तरी चालेल. ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांनी दोन दिवस द्यावेत, डिझेल आम्ही टाकू. तूर, हरभरा घरात आला की ट्रॅक्टर तसेही उभे असतात. रस्त्याच्या कामावर ज्यांचा रोलर आहे त्यांनी तो दोन दिवस द्यावा. मुरूम फक्त सरकारी रॉयल्टी भरलेला घेऊ. रात्रीतून नाल्याकाठून उकरून आणलेली ट्रॉली परत पाठवू, ओळखीच्या माणसाची असली तरी. दाबायला पाणी लागेल ते गावच्या विहिरीचं. प्यायला चालत नाही, मुरमाला चालतं. खरवडलेली काळी माती ज्याला शेतात पाहिजे त्याने घेऊन जावी.

बाहेरगावी नोकरीला असलेल्यांना आणखी एक सांगणं. मुलांसाठी 7.26 किलोचा आणि मुलींसाठी 4 किलोचा गोळा हवा आहे. वापरलेले पण तळवा शाबूत असलेले बूट पाठवा, माप लिहून. स्टॉपवॉच एक पुरे, मोबाइल हातातून पडतात.

पैशांबद्दल. रोख रक्कम ग्रामपंचायत कार्यालयातच, पावती घेऊन. खाते क्रमांक मागणाऱ्याला ठरावाच्या प्रतीसोबत देऊ. या आवाहनासोबत कोणी क्यूआर कोड फिरवत असेल तर तो आमचा नाही. जमा-खर्च दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. देणाऱ्यांची नावं तिथेच, मैदानावर पाटी लागणार नाही. ही अट दोघा-तिघांना आवडली नाही. त्यांचे पैसे आले नाहीत, आम्ही पुन्हा विचारायलाही गेलो नाही.

त्याच्या घरच्यांसाठी वेगळी वर्गणी नाही. त्यांनीच नको म्हटलं. मात्र धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही, तर 2022 पासून लागू असलेल्या केंद्राच्या योजनेत मृताच्या वारसांना 2 लाख रुपये मिळतात. आम्हालाही हे महिनाभराने कळलं. त्यांचा अर्ज भरून दिला आहे. आणखी कोणाच्या घरी असं घडलं असेल तर या, कागद कोणते लागतात ते दाखवू.

काम मृगाच्या आत उरकायचं आहे. तोवर पळणाऱ्या पोरांनी उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळावं, पांढरा बनियन घालावा, कानात काही घालू नये. आणि पहाटे पाच ते सहा फाट्याच्या रस्त्यावर बॅटरी घेऊन उभी राहतील अशी रोज दोन माणसं हवीत. मंगळवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत.

गाडगेबाबांचं शेंडगाव शेजारच्याच तालुक्यात, त्यामुळे श्रमदान म्हणजे काय हे सांगत बसत नाही. फक्त फोटोपुरतं नको. येत्या रविवारी सकाळी सहाला शाळेमागे जमायचं. फावडं, टोपलं, बाभळीचे काटे काढायला कोयता, ज्याच्याकडे जे असेल ते. पाचपैकी तीन मुली येतो म्हणाल्या आहेत, चुन्याची दोरी त्याच धरणार.

प्यायचं पाणी घरूनच आणा.

आपले,
गावकरी, व्यायामशाळेची पोरं आणि महिला बचत गट